स्पितीला मी एकटी निघाले

विक्रांत,

मी स्पितीला निघाले. गाडी नेते आहे, त्यामुळे ऑफिसला कॅबने जा. "क्लायंट येतोय यार, पुढच्या वर्षी जाऊ, बिल्कुल," असं काल म्हणालास आणि लगेच लॅपटॉप उघडलास. माझी बॅग तेव्हा दाराशी भरून ठेवलेली होती.

तू माझ्या फोनवर घालून दिलेली ॲप्स उपयोगी पडतील. नेटशिवाय चालणारा नकाशा उतरवून घेतला आहे. पुढचा पेट्रोल पंप कुठे आहे आणि दरड कोसळून रस्ता बंद झालाय का, तेही कळेल.

बटण दाबलं की आपल्या माणसाला आपलं ठिकाण कळवणारं ॲप तेवढं सुरू करायचं राहिलं होतं. त्यात एक नंबर द्यावा लागतो. मी तुझाच टाकला होता. मग फेब्रुवारीतली दुपार आठवली. मला तिसरा महिना होता, रक्त थांबत नव्हतं, आणि तू माझा फोन कट करून "मीटिंगमध्ये आहे" असा मेसेज पाठवलास. समोरच्या ढिल्लन आंटींनी मला हॉस्पिटलात नेलं. तू पोचलास तेव्हा सगळं संपलं होतं. त्यावर आपण कधी बोललोच नाही. तू फक्त ही ट्रिप ठरवलीस.

आता तिथे आंटींचा नंबर आहे.

डोशाचं पीठ फ्रिजमध्ये आहे, उद्यापर्यंत आंबट होईल. तिथल्या काझा गावाच्या पुढे नेटवर्क नसतं म्हणतात, तेव्हा माझा फोन आला नाही तर काळजी करू नकोस. आला, तर उचल.

मैत्रेयी