पाह्यले धाडलं होतं

सर,

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, आणि मीही चारचौघांत तुमच्याबद्दल चांगलंच बोलत आलो. आज तसं बोलवत नाही.

दुष्काळ सरला त्याच्या पुढचं वर्ष. शेतकी कॉलेजात आम्ही शेवटच्या वर्षात जाणार होतो. पदवी घ्यायची आणि सरकारी शेतीखात्यात चिकटायचं, यापलीकडे आम्हाला काही दिसत नव्हतं. तुम्ही बियाण्यांच्या एका मोठ्या कंपनीला पत्रांवर पत्रं लिहिलीत आणि आम्हा चौघांना उन्हाळाभर तिकडे धाडायचं ठरवलंत. बाकीचे प्राध्यापक हसले. "कंपनीचं काम कसं चालते ते सोताच्या डोळ्यानं पाहून या," तुम्ही म्हणालात, "मंग ठरवा, कोनाची चाकरी करायची ते." माझ्याकडे पायजमेच होते. तुम्ही तुमची टेरिकॉटची पँट दिलीत, काकूंनी ती कमरेत आत घेऊन दिली. एवढं माझ्यासाठी माझ्या बापालाही जमलं नसतं, हे आजही कबूल करतो.

कंपनीनं आठवडाभर ऑफिस दाखवलं, प्रयोगशाळा दाखवली, गोदाम दाखवलं. गुलाबी औषध चोळलेली संकरित ज्वारी मी पहिल्यांदा तिथंच हातात घेतली. मग एका विक्री अधिकाऱ्याच्या जीपमधून मला आपल्याच भागात फिरवलं. कारंजा, कामरगाव, आणि शेवटी तुमचं अनसिंग. साहेब पारावर उभा राहून पत्रकं वाटतोय. लोक ऐकतायत, चहा पाजतायत, पण पिशवीला कोणी हात लावत नाही. एक विधवा बाई पुढे येऊन विचारते, "हे बेनं आपल्या मातीत चालते का बापू? कोनं पेरून पाह्यलं?" साहेब पत्रकं आवरायला लागला. मी म्हणालो, "तुमच्याच गावच्या आमच्या सरायनं पाह्यलं. कॉलेजच्या वावरात पेरलं होतं, सोनं पिकलं." तुमचं नाव निघालं आणि गावाचा चेहरा बदलला. जीपमध्ये एक पिशवी उरली नाही.

तुम्ही ते बियाणं कधी पेरलंच नव्हतं.

ती ज्वारी लवकर तयार झाली. तोच तिचा गुण म्हणून आम्ही सांगत होतो. पाऊस उघडलाच नव्हता, तोवर दाणा भरला आणि कणसांवर बुरशी चढून सगळी काळी पडली. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मला अनसिंगला बोलावून घेतलंत. अंगणात तीच बाई पदरात काळी कणसं घेऊन बसलेली. ती मला नाही, तुम्हाला म्हणत होती, "भाऊ, तुमचं नाव आयकून पेरली म्या. आता हे आमी खावं का ढोरायले घालावं?" तुम्ही माझ्याकडे वळलात. "त्या साहेबानं शिकवलं तुले हे बोलाले?" मी मान डोलावून हो म्हटलं. "म्या तुले पाह्यले धाडलं होतं. बोलाले नाही." तिच्यासमोर, काकूंसमोर, ओसरीवर जमलेल्या शेजाऱ्यांसमोर.

मग तुम्ही तिची काळी ज्वारी ठेवून घेतलीत आणि घरची पांढरी तिला दिलीत. दुपारी स्वयंपाकघरात काकूंनी माझ्या ताटात काळपट भाकर वाढली. तुमच्याही ताटात तीच होती. पहिल्या घासालाच जीभ कडवट झाली. "खा," तुम्ही म्हणालात, "तुलेबी मालूम पडू दे." वर्षभर तुमच्या घरानं तीच भाकर खाल्ली म्हणे. अनसिंगचे लोक ही गोष्ट अजून सांगतात.

पुढची गोष्ट कोणी सांगत नाही, कारण ती फक्त मला ठाऊक आहे. तुम्ही मला एसटीपर्यंत सोडायला आलात, तेव्हा मी विचारलं, "कंपनीले काहून काही लिहीत नाही तुमी?" तुम्ही रस्त्याकडे पाहत म्हणालात, "पोरायच्या नोकऱ्या आहेत तिथं." बस्स. कंपनीला एक ओळ नाही. पुढच्या उन्हाळ्यात आणखी चार मुलं धाडलीत. मला मात्र शिफारसपत्र द्यायला नकार दिलात. म्हणजे ते बियाणं ज्या कंपनीनं बनवलं, विकलं, ती धुतल्या तांदळासारखी, आणि पाप एकट्या माझं. ती भाकर तुम्ही खाल्लीत ती तुमचं नाव सावरायला, सर. तिला प्रायश्चित्त म्हणणारे म्हणोत.

कंपनीनं मला पत्राशिवाय घेतलं. निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिलो. दर उन्हाळ्यात कॉलेजची मुलं यायची, त्यांना गोदाम दाखवायचो, जीपमधून गावोगाव न्यायचो. कोणाशी काय बोलू नये, हे एकालाही सांगितलं नाही. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा रजा मिळत नाही म्हणून कळवलं. रजा मी मागितलीच नव्हती.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. साहेबानं मला काही शिकवलं नव्हतं. तो तर पिशव्या परत जीपमध्ये भरायला निघाला होता. मी आपल्या मनानं बोललो. आणि लोक एकेक करून पुढे यायला लागले, तेव्हा मला जो आनंद झाला, तसा पदवी हातात पडली तेव्हाही झाला नव्हता.