कापसाच्या खोलीतली जर्मन गाडी

अहो मनीषाचे पप्पा,

उद्या धुळ्याहून तुमच्या गाडीला गिऱ्हाईक येतंय. जावईबापूंनी शोधलंय. काल फोनवर म्हणाले, "आई, गाडीचं चांगलं काय, वाईट काय, ते एका कागदावर उतरवून ठेवा. माणूस विचारेल." म्हणून दुपारी जेवण उरकून वही घेऊन बसले. चांगलं लिहायला गेले तर तुम्ही आठवलात, वाईट लिहायला गेले तरी तुम्हीच. मग म्हटलं, तुम्हालाच लिहू. तुम्ही गेल्यापासून वर्षभरात एक शब्द बोलले नाही तुमच्याशी. फोटोला हार घालते, पण तो येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल, बाई नुसती खुसपटं काढते. गाडी देखणी, यात वाद नाही. दार लावलं की आवाज कसा मऊ यायचा. बाहेर पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन आणि आत मला शाल लागायची. पहिल्यांदा तिच्यातून अमळनेरला माहेरी गेलो, तेव्हा वहिनी ओट्यावर आली आणि तिचा चेहरा पडला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! लग्नातल्या दागिन्यांनीसुद्धा तेवढं वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू?

पण ती गाडी माझी कधी होती? शेतातून येताना साडीला केळीचा चीक लागलेला असला की तुम्ही मला बसू देत नव्हतात. "डाग जात नाही त्या सीटचा," म्हणायचे. तुम्ही गाडीतून पुढे जायचे आणि मी मजूर बायांबरोबर पायी. भाऊबंदांत कुणाचंही लग्न निघालं की नवरदेवासाठी गाडी द्यायला मात्र तुम्ही तयार. फुलं लावायची, स्वतः चालवायची, मांडवापुढे दोनदा हॉर्न वाजवायचा. चोपडा तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांनी तुमच्या शेजारी बसून घेतलं असेल. मी मागच्या सीटवर, तेही सीटचं प्लास्टिक न काढता.

आणि तिचं ते पोट! एवढी मोठी गाडी, पण जमिनीला टेकायला आलेली. आपल्याकडचे गतिरोधक म्हणजे रस्त्यात आडवा घातलेला बांधच. तो आला की तुमचा हुकूम, "उतरा सगळे." आम्ही उतरायचो, तुम्ही गाडी तिरकी करून इंच इंच पलीकडे न्यायचे, मग आम्ही पळत जाऊन बसायचो. लोक हसायचे. तुम्हाला वाटायचं, जळतात.

भाच्याच्या साखरपुड्याचा दिवस तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. दादाच्या दारासमोरच गतिरोधक. सगळे पाहुणे बाहेर उभे. तुम्ही काच खाली केली आणि मोठ्याने म्हणालात, "हिला उतरवलं की गाडी चार बोटं वर येते." दादा हसला. वहिनी तर पदर तोंडात कोंबून हसली. मी हातात आहेराचं ताट घेऊन, पैठणी सावरत, तुमच्या गाडीच्या मागून माझ्याच माहेरी चालत गेले. परत येताना तुम्ही विचारलंत, "तोंड का फुगलंय?"

आता वाईट सांगते. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, तुम्हालाच सांगायचंय.

गाडीला ऊन लागायला नको म्हणून तुम्ही ती कापसाच्या खोलीत ठेवायचे. एका बाजूला छतापर्यंत कापूस, दुसऱ्या बाजूला गाडी. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, कापसात उंदीर असतात, तिथे नका ठेवू. तुम्ही म्हणालात, "तुला काय कळतं गाडीतलं?" खरंच, गाडीतलं मला काही कळत नव्हतं. पण उंदरांचं कळत होतं.

साखरपुड्याला आठवडा झाला असेल. सकाळी मी खोली झाडायला गेले. गाडीखाली लेंड्या होत्या आणि त्यांच्यात वायरीचे काळे-पिवळे तुकडे. मी खाली वाकून बघितलं. मला सगळं कळलं. दोन दिवसांनी तुमच्या पुतण्याचं लग्न होतं, नवरदेव तुमच्याच गाडीत बसणार होता. म्हटलं, बरं झालं. होऊ दे एकदा भरल्या मांडवापुढे. फुलं लावलेली गाडी, मागे बँड, आणि गाडी ढिम्म. हसू देत लोक, जसे मला हसले. मी ते तुकडे सुपलीत भरले आणि उकिरड्यावर टाकून आले. तुम्हाला चहा दिला. आलं घालून दिला.

मला काय ठाऊक, तुम्ही लग्नापर्यंत थांबणार नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही छाती धरून बसलात, घामाने चिंब. आपली केळी न्यायला आलेल्या गोकुळची पिकअप दारातच होती, निम्मे घड भरलेले. तो धावत आला. म्हणाला, "नाना, बसा गाडीमा. आते चोपडाले पोचाडी देस." आत्ता चोपड्याला पोचवतो म्हणत होता तो, आणि तुम्ही काय म्हणालात? "केळीच्या गाडीत जाऊ मी? माझी गाडी काढ." चावी कुणाला दिली नाहीत. भिंत धरत धरत खोलीत गेलात, स्वतः बसलात आणि बटण दाबलं. काचेमागे दिवे लागले, विझले. परत दाबलं. परत.

मी दारात उभी होते. सांगायचं होतं फक्त, की अहो, वायरी खाल्ल्यात, ती नाही चालू होणार. एवढंच. "पिकअपमधून चला ना," एवढं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "गप्प बस." आणि मी गप्प बसले. इतकी वर्षं मी कधी तुमचं ऐकलं नाही म्हणून बोलायचे ना? त्या दिवशी ऐकलं. तुम्ही बटण दाबत राहिलात आणि मी बघत राहिले, तुमची मान कलेपर्यंत.

मग गोकुळने तुम्हाला उचललं. घडांच्या मध्ये, केळीच्या पानांवर निजवलं. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत एकदा डोळे उघडलेत आणि विचारलंत, "गाडी लॉक केली का?" तेवढंच. चोपडा यायच्या आधी सगळं संपलं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. मनीषाला मी सांगितलं की तुम्ही तिचं नाव घेतलंत. ती त्याच एका गोष्टीवर जगतेय.

तुम्ही असताना तिचा महिन्यातून एकदा फोन यायचा. आता रोज येतो. "जेवलीस का, गोळी घेतलीस का." गाडीचं नाव काढलं तरी रडते. तिच्या मते गाडीनेच तुम्हाला मारलं. गाडी बोलत नाही, ते एक चांगलं आहे तिचं.

उद्या मी गिऱ्हाइकाला गतिरोधकाचं सांगेन, उंदरांचं सांगेन, नवीन वायरी टाकल्याची पावती दाखवेन. तो विचारणारच, "वायरी खाल्ल्याचं तुम्हाला आधी कळलं नाही का?" मनीषा माझ्या शेजारी उभी असेल, माझा हात धरून. मी म्हणेन, "नाही हो, कुणालाच कळलं नाही." उद्याही हेच म्हणेन आणि मरेपर्यंत हेच म्हणेन. हे वचन तुम्हाला देते. तिचे वडील मी घालवले, तिची आई तरी तिच्याकडे राहू द्या.

तुमचीच,
सुमन