एकतीस फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझा प्रोग्राम नव्या पीएचपीवर चालायला लागला! तुझ्या धाकट्या बहिणीनं एकटीनं चालवला, तेव्हा आधी मनातल्या मनात मला शाबासकी दे आणि मग पुढं वाच. रोपवाटिकेत मातीत हात घालून बसला असशील. 'माझ्यासमोर कॉम्प्युटरचं नाव काढू नका' ही तुझी तेरा वर्षांची प्रतिज्ञा मी विसरलेले नाही. तरी हे पत्र हात धुऊन, नीट बसून वाच.

झालं असं, की सर्व्हरवाल्यांनी कळवलं, तुझा प्रोग्राम ज्या भाषेत आहे ती जुनी पीएचपी आणि नोंदींचा जुना डेटाबेस महिनाअखेर बंद. आपल्या संस्थेच्या सव्वीस नर्स आजही तुझ्याच यादीवरून सकाळी घरोघरी जातात. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाची लघवीची नळी. यादी निघाली नाही तर पेशंट दाराकडे बघत बसणार. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, बाहेरची कंपनी बोलवू या. मी म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? आणि बाह्या सरसावल्या.

दादा, दोनशे बारा फाइली! आणि डेटाबेसला हाक मारायची ओळ तू जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये वेगळी लिहून ठेवलेली. ती हाकच नव्या पीएचपीनं काढून टाकली आहे. तुला नावं ठेवत ठेवत मी ते सगळं एका फाइलमध्ये आणलं, बोटं दुखली. पूर्वी पीएचपीला शून्य आणि रिकामी जागा सारखीच वाटायची, म्हणून मजल्याचा रकाना रिकामा असला की पेशंट आपोआप तळमजल्यावर जायचा. आता तसं चालत नाही. पहिल्या चाचणीत निम्मे पेशंट कुठल्याच मजल्यावर राहिनात! तेही मार्गी लावलं. खरं सांगते, मजा आली. तुझं डोकं कसं चालायचं ते ओळीओळीतून दिसत होतं, आणि चार ठिकाणी मला ते माझ्यापेक्षा बरं वाटलं. हे लेखी देते आहे, जपून ठेव.

एका गोष्टीवरून मात्र मी तुला जाम हसले. जुनी ओळ पुसायची नाही, प्रोग्राम ती वाचणार नाही अशी बंद करून जागेवरच ठेवायची, खाली नवी लिहायची आणि शेजारी नाव-तारीख घालायची, हा तुझा नियम. फाइली उघडाव्यात तर नुसती अडगळ. मी ठरवलं होतं, डेटाबेस नव्या जागी गेला की हे सगळं झाडून काढायचं.

डेटाबेसमधल्या चाळीस हजार नोंदी मुकाट्यानं गेल्या. एक अडली. जुना डेटाबेस भलताच भिडस्त होता. नसलेली तारीख दिली तरी नाही म्हणायचा नाही, गुपचूप सगळी शून्यं लिहून ठेवायचा. नवा तोंडावर सांगतो, ही तारीख मला चालणार नाही. अडलेली नोंद होती शिंपीकाकांची. नळी बदलायची पुढची तारीख: शून्य, शून्य, शून्य.

तुला वेगळं सांगायला नको. तारीखच नाही म्हणून ते कुठल्याच दिवसाच्या यादीत आले नाहीत, नर्स गेली नाही, आणि जंतुसंसर्ग होऊन काका तीन आठवडे दवाखान्यात पडले. देवदयेनं वाचले, पुढं सात वर्षं शिलाई मशीनवर बसले. पण चौकशीच्या बैठकीत तू उभा राहिलास, 'चूक प्रोग्रामची, प्रोग्राम माझा' एवढंच म्हणालास आणि कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यास. त्यानंतर तू ऑफिसची पायरी चढला नाहीस.

ही शून्यं आली कुठून ते बघायला मी तारखा काढणारी फाइल उघडली. तिच्यात डेटाबेसची हाक नव्हती आणि त्या प्रकरणानंतर ती कधी बिघडलीही नव्हती, त्यामुळे तेरा वर्षांत तिला हात लावायची वेळ आली नव्हती. तिथं एक बंद केलेली ओळ होती. महिन्याच्या आकड्यात एक मिळवा, बस्स. एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला की एकतीस फेब्रुवारी! शेजारी नाव माझं. कामाला लागून मला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. खाली तुझी दुरुस्त केलेली ओळ, आणि तारीख बैठकीच्या आदल्या दिवसाची. म्हणजे बैठकीत उभा राहिलास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं.

वाचून मी रडले. मग तुझा रागही आला. तुला वाटलं असेल, नवी पोर आहे, हे कळलं तर मोडून पडेल. नसते रे पडले! चार दिवस तोंड लपवलं असतं आणि पुन्हा कामाला लागले असते. तू मला विचारायला हवं होतंस.

सोमवारी मी सगळ्यांना बोलावलं आणि त्या दोन्ही ओळी पडद्यावर दाखवल्या. म्हटलं, ही माझी, ही दादाची. शिंपीकाकांच्या मुलीच्या घरी जाऊन तिलाही सांगून आले. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. आणि आणखी एक. त्या बैठकीत सगळ्यांच्या देखत तुला 'निष्काळजी' म्हणणारी मीच होते. सोमवारी तो शब्द मी सगळ्यांच्या देखत परत घेतला. रविवारी येते आहे, तुझ्यासमोर घ्यायचा राहिला आहे. दार उघड.

तुझीच,
धाकटी