लाल दहाच्या नोटा

देरा, दुबई
शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९९९

प्रिय कमलताई,

तुला नमस्कार. फराळाचा डबा मिळाला. चकल्या वाटेतच मोडल्या, पण रूमवरच्या चौघांनी चुराही ठेवला नाही. गुडघे कसे आहेत? शाळेत खालच्या मजल्यावरचा वर्ग मागून घे, उगाच भिडेखातर जिने चढू नकोस.

सकाळपासून तीन कागद फाडले. फोन केला असता, पण बाबांचं नाव निघालं की तू फोन ठेवतेस.

ताई, एकसष्ट साली बाबांनी इथून पाठवलेल्या त्या तीन लाल नोटा खोट्या नव्हत्या.

आमच्या मनी एक्स्चेंजशेजारी मोहिद्दीनचाचांचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. मूळचे रत्नागिरीचे. त्यांच्या काचेखाली तशीच लाल दहाची नोट दिसली. मी खोटी म्हणालो तर उखडले. "असली हाय! दिरहम कालचा रे. तवा हितं आपलाच रुपया चालायचा. लोक रुपये देऊन सोनं चोरून तिकडं न्यायचे, म्हणून सरकारनं एकोणसाठला गल्फसाठी वेगला रुपया छापला. इंडियात बाजारात चालायचा नाय. सहासष्टला रुपयाची किंमत पाडली, शेखांनी सोडून दिला. खलास."

बाबा शहरबानूबाईंकडे स्वयंपाकी, अक्षरशत्रू. त्या नोटांवर इथं मासळी मिळायची, म्हणून त्याच त्यांनी गावच्या माणसाकडे दिल्या. आपल्या वाण्यानं त्या तोंडावर फेकल्या. पोलीस नुसती चौकशी करून गेले, पण गावाला तेवढं पुरलं. महिन्याभरात तुझं ठरलेलं लग्न मोडलं. बाबा आले तेव्हा अंगणात उभे राहून "नोटा खऱ्या आहेत" एवढंच म्हणत राहिले. आईनं आत घेतलं नाही. मी दहा वर्षांचा होतो, पाठीत दगड मारला.

हे मला आत्ता कळलं असं समजू नकोस. ब्याण्णव साली कळलं. आई चौऱ्याण्णवला गेली. दोन वर्षं दर महिन्याला तिला पत्र लिहिलं, एवढंच लिहिलं नाही. तुझं आयुष्य विनाकारण नासलं हे सांगवेना, असं स्वतःला समजावत होतो. पण खरं वेगळंच होतं, नोटांचं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. नव्वदला मी इथं आलो, तेव्हा बाबा पत्ता काढून काउंटरवर आले होते. "शैल्या" म्हणाले. मॅनेजर शेजारी उभा. मी म्हणालो, "आप कौन?"

ते गेले. दहा मिनिटांवर राहायचे. नऊ वर्षं मी तो रस्ता टाळला.

गेल्या महिन्यात शहरबानूबाई वारल्याचं कळलं, तेव्हा गेलो. घर बंद होतंय, बाबांचा व्हिसा संपतोय. अठ्ठ्याहत्तर वर्षं, एका डोळ्यानं दिसत नाही. मी माफी मागत होतो आणि त्यांनी विचारलं, "कमळीला नोटांचं कळलं?"

मी हो म्हणालो.

"मग तिनं बोलावलंय?"

त्यालाही हो म्हणालो.

तेव्हापासून ते रोज बॅग भरतात आणि पुन्हा उपसतात. तुला कुठला रंग आवडतो विचारत होते. मला सांगता आला नाही.

२ डिसेंबरला ते मुंबईत उतरतील. मावशीचा सुजीत त्यांना गाडीनं तुझ्याकडे आणेल. मी सोबत नाही. रजा मिळत नाही असं त्यांना सांगितलंय. रजा मिळाली आहे, ताई. तुझ्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही.

मला काय ते बोल, पुन्हा तोंड बघू नकोस. फक्त, तू बोलावलं नव्हतंस हे त्यांना कळू देऊ नकोस.

भाऊ म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

शैलेंद्र