कप्तानाचं ‘प्रॉव्हिडन्स’

ग्लॉस्टर, मार्च

तीर्थरूप आईस,
लेकाचा नमस्कार. आपला धाकटा रानल्ड सापडला, जिवंत आहे. आधी हेच वाच.

मासे धरताना त्याची होडी धुक्यात जहाजापासून चुकली. दोन दिवस हाडं गोठवणारी थंडी आणि पाण्याचा थेंब नाही. कप्तानाने होडीत ना होकायंत्र दिलं होतं, ना प्यायचं पाणी. आणि काल इस्पितळात येऊन हाच माणूस टोपी काढून म्हणतो, “प्रॉव्हिडन्स! देवाची मर्जी!” माझं डोकंच फिरलं.

आमच्या खानावळीत जेवायला येणाऱ्या मास्तरीणबाई लॅटिन शिकवतात. त्या म्हणाल्या, “अरे, त्या शब्दाचं मूळच मुळी ‘पुढचं आधी पाहणं’. म्हणून तर तो देवाला लावतात.” मग या मेल्याने आधी काय पाहिलं? फक्त मासे! आणि खापर देवावर फोडतो!

पुढचं पाहिलंस ते तू. एवढे ढगळ हातमोजे विणलेस म्हणून रानल्ड किती हसला होता! खाऱ्या पाण्यात आटून ते नेमके बसले. एक लाटेने नेला. दुसऱ्याने उजवा हात गोठण्यापासून वाचवला.

गाय व्याली का? तुझा खोकला कसा आहे?

रानल्डसाठी नवा हातमोजा विणशील तर उजव्या हाताचाच वीण. डावा आता लागणार नाही.

तुझा,
ॲलिस्टर