अक्काला सांगितलो ते मीच

भारतीय तळ, अंटार्क्टिका
२६ जून

महेशअण्णास,

शरणु. रीत आहे म्हणून लिहिलो, मनातून आलेलं नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हाताने लिहून ह्याचा फोटो पाठवायलोय. दुकानात गिऱ्हाईक नसताना वाच.

माझी तब्येत बरी आहे. जनरेटर चालू आहेत. महिनाभर सूर्य उगवला नाही. वारा असा की बाहेर जाताना दोरी धरावी लागते. ताजी भाजी कधीच संपली, आता बर्फातले वाटाणे आणि डब्यातलं अननस. संध्याकाळचं जेवण मात्र सगळ्यांनी एका टेबलावर करायचं, हा इथला नियम. लीडर साहेब, डॉक्टर, आम्ही मेकॅनिक, सगळे. भांडी घासायची पाळीही सगळ्यांना.

स्वयंपाक बालाजी करतो, हे तुला माहीत आहे. आमचा फोटो बघून तूच म्हणाला होतास, "त्या चिंताकीवाल्याच्या हातचं खाल्लास तर ह्या घरात पाय ठेवू नको." आपल्या शैलअक्कानं जातीबाहेर त्याच्याशी लग्न केलं, तेव्हापासून तुझ्या तोंडी त्याचं नाव नाही, नुसतं गाव. तुझं ऐकून मी सुरुवातीला कोपऱ्यात वेगळा भात शिजवायचो. एक दिवस साहेबांनी माझं पातेलंच उचललं. "इथे चूल एकच," म्हणाले. मग टेबलावर बसायलो, पण मुक्यानं. बालाजी वाढायचा, मी मान खाली घालून खायचो.

मग आईची बातमी घेऊन तुझा तो फोन आला. "अव्वा गेली. परवाच माती झाली. त्या दोघांना कळवू नको, उगं दारात येऊन रडारड करतील." एवढं बोलून ठेवून दिलास.

त्या दिवशी इथं सण होता. अंधाराचा अर्धा काळ सरला की सगळेच तळ मोठी पंगत घालतात. लोक गाणी म्हणत होते, टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती. बालाजीनं माझ्या ताटात गरम ज्वारीची भाकरी टाकली.

"कामून जेवत न्हाईस? अक्कानं धाडलेलं पीठ हाय. तुझ्यासाठीच बांधून दिली हुती."

मी म्हणालो, "अव्वा गेली."

गाणं थांबलं.

"कवा?" बालाजीनं विचारलं.

"परवा माती झाली."

"शैलीला ठाऊक हाय?"

मी नाही म्हणून मान हलवलो. त्याला कळलं. तो मला एक शब्द वाईट बोलला नाही, अण्णा. हात पुसले, फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "म्या सांगणार न्हाई. तू तिचा भाऊ हायस."

अक्का रडली नाही. "अव्वाच्या तोंडात पाणी कुणी घातलं?" एवढंच विचारली.

फोन ठेवला तेव्हा सगळे उभे होते. साहेबांनी बालाजीला खुर्चीवर बसवलं आणि डॉक्टरांनी त्याला वाढलं. मी त्याच्या शेजारी बसलो. ते ताट आम्हा दोघांनाही संपवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का पोरीला घेऊन मैलूरच्या घरून औरादला आपल्या दारात आली आणि तू आतून कडी लावलास. लेकराला पाणी पाजलं ते शेजारच्या बसम्मानं. वर मलाच फोन करून ओरडतोस, "कामून सांगितलास? गावात तोंड दाखवायला जागा ठेवला न्हाईस." व्हय, मीच सांगितलो.

आता तू काय सांगितलास ते ऐक. बसम्मानं मला फोनवर सगळं सांगितलं. अव्वा अंथरुणावर पडून "शैलीला बोलाव, शैलीला बोलाव" करत होती. तू तिला म्हणालास, "फोन केलो, येत न्हाई म्हणाली." तू फोन केलाच नव्हतास. लेक आपल्याला टाकून बसली असं समजून अव्वा गेली.

हे मी अक्काला अजून सांगितलो नाही. ते मी सांगणार नाही. तू सांगशील, तिच्यासमोर उभा राहून.

जहाज आलं की मी आणि दाजी संगंच निघू. मी आधी मैलूरला उतरणार. मग अक्काला घेऊन अव्वाच्या समाधीवर येणार. दिवसाढवळ्या, बाजाराच्या दिवशी, सगळ्या औरादच्या डोळ्यांदेखत. अडवायचं असेल तर वाटेत येऊन उभा राहा.

तोवर मला फोन करू नको.

शैलअक्काचा भाऊ,
सिद्धलिंग