माझी मार्गदर्शक मीच

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (कागदावर वाकायला गुडघे लागत नाहीत, म्हणून साष्टांग. समोर आलास की नुसती मान हलवीन, ते गोड मानून घे.) प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण तू ‘ठीक’ असं सांगशील आणि वहिनी तसं लिहील. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात तेवढा मूठ वळून मांडीवर पडून आहे, आणि व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना तू ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणालास, इतपत मला कळलं आहे. त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पत्राचं कारण वेगळं आहे. माझा अपमान झाला आहे.

चौतीस वर्षं मी इस्पितळाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारच्या खोलीत, लोकांना उठायला, उभं राहायला आणि चमचा धरायला शिकवलं. त्यातली वीस वर्षं मी वरच्या मजल्यावर अर्ज करत होते, की फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलेल्या मुलींना मेंदूच्या रुग्णांवर थेट सोडू नका. वर्षभर जाणत्या माणसाच्या नजरेखाली काम करू द्या, मग त्यांना तज्ज्ञ म्हणा. ते अर्ज कुठे गेले हे मला निवृत्तीच्या दिवशी कळलं. (अधीक्षकांच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.) आता सहा वर्षांनी त्यांना तेच सुचलं आहे आणि त्याला ते रेसिडेन्सी म्हणतात. विभागप्रमुख माझीच जुनी विद्यार्थिनी, टाचणी. (सडसडीत आहे आणि टोचते.) तिचा फोन आला, मॅडम, अभ्यासक्रम तुम्हीच उभा करा. मी खुलले, कबूल करते. कपाटातले चांगले बूट काढले.

समितीत पाच जण. पहिल्या बैठकीत अडीच तास खर्चून प्रमाणपत्राचा रंग ठरला. दुसरीत व्यायामाच्या हॉलची किल्ली कोणाकडे राहील यावर चर्चा होती. ती त्या दिवशी कोणाकडेच सापडली नाही, म्हणून चर्चा जिन्यात झाली. तिसरीत मी म्हटलं, रुग्णाला खुर्चीतून कसं उठवायचं एवढं तरी एकदा बघून घ्या. अधीक्षक हौसेनं रुग्ण झाले. उजवी बाजू गेली असं धरायचं होतं. मी त्यांची पावलं मागे घेतली, त्यांना पुढे झुकवलं, आणि हे गृहस्थ नेमक्या त्या गेलेल्या हातानं खुर्ची घट्ट धरून बसले. सोडा म्हटलं तर म्हणाले, पडेन. शेवटी मी तळघरातल्या आवाजात सांगितलं, गेलेल्या हाताला गेल्यासारखं वागू द्या. इतिवृत्तात याची नोंद ‘ज्येष्ठ सदस्यांनी उपयुक्त सूचना केली’ अशी आहे.

मग समितीतले नियमवाले उठले. (त्यांचं खरं नाव कोणी वापरत नाही, बहुधा घरचेसुद्धा.) नियमावलीप्रमाणे, शिकवणाऱ्याकडे रेसिडेन्सीचं प्रमाणपत्र हवं. ते रेसिडेन्सी पूर्ण केल्यावर मिळतं. रेसिडेन्सी आमच्याकडे आजवर नव्हती. मी विचारलं, पहिल्या सुईणीच्या जन्माच्या वेळी सुईण कोण होती? कोणी हसलं नाही. टाचणीनं पेन खाली पाडलं आणि ते बराच वेळ शोधलं. नियमवाल्यांनी तोडगा काढला. पहिल्या तुकडीत मीच विद्यार्थिनी व्हायचं आणि, अपवाद म्हणून, त्या तुकडीची, म्हणजे माझीही, मार्गदर्शक मीच. दर महिन्याला मार्गदर्शकानं विद्यार्थ्याचा अहवाल द्यायचा, विद्यार्थ्यानं मार्गदर्शकाचा, बंद पाकिटातून. (म्हणजे एकमेकींना कळू नये.) तिथेच पुढे सरकवलेल्या अर्जात ‘दोघांचे परस्परसंबंध’ असा रकाना होता. मी तेवढाच भरला: सध्या बोलणं बंद आहे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, चुकीच्या रांगेत पहिलं येण्यापेक्षा रांग सोडावी. सदुसष्टाव्या वर्षी गळ्यात ‘शिकाऊ’ असा बिल्ला अडकवून मी त्या तळघरात उतरणार नाही, असं ठणकावून मी उठले. टाचणी जिन्यापर्यंत मागे आली. दोन मुलींनी नावं दिली आहेत, महिनाअखेर मार्गदर्शक मिळाला नाही तर सगळं बासनात गुंडाळलं जाईल आणि त्या मुली पुन्हा पाठदुखीवाल्यांना शेक देत बसतील, असं तिचं म्हणणं. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षभरासाठी स्वतःचा एक रुग्ण लागतो, आणि तो अवघड हवा: बरेच महिने लोटलेला, खचलेला, शक्यतो हट्टी. असा माणूस आणायचा कुठून? मी म्हटलं, मला काय विचारतेस, आणि घरी आले.

असो. मन मोकळं झालं. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी अपमानित
धाकटी

ता. क. मी रांग सोडली असं वर लिहिलं आहे, ते पूर्ण खरं नाही. बुधवारी जाऊन तो अर्ज पुरा भरला. बिल्ल्यावरच्या फोटोत मी नुकतीच कोणाला तरी चावून आल्यासारखी दिसते.

आणखी ता. क. रुग्णाच्या रकान्यात तुझं नाव घातलं आहे. ‘शक्यतो हट्टी’मधलं ‘शक्यतो’ खोडलं. मागची खोली तुम्हा दोघांसाठी रिकामी केली आहे आणि तुझ्या उंचीची खुर्ची आणली आहे. वहिनीवर डाफरू नकोस. तिनं मंगळवारी फोनवर एवढंच सांगितलं, “वन्सं, ते त्या हाताला आता ‘माझा’ म्हणत नाहीत. ‘तो’ म्हणतात.” सगळी बोटं पूर्वीसारखी उघडतील असं वचन मी देत नाही; आठ महिन्यांनंतर ते कोणी देऊ नये. चमच्याचं मात्र बघते.

शेवटचं. संमतिपत्र सोबत आहे. त्यावर वहिनीनं सही करायची नाही, आणि तूही डाव्या हातानं नाही. पेनाला फडकं गुंडाळून रबर लावलं आहे, म्हणजे मुठीत बसेल. नकार द्यायचा असला तरी त्याच हातानं लिही. कसाही उमटो, तो मी पहिल्या दिवसाची प्रगती म्हणून अहवालाला जोडणार आहे. माझी मार्गदर्शक तो मान्य करेल. तिच्याशी माझं बोलणं झालं आहे.